"हरकत नाही" एवढंच ऐकू आलं: खानापूर तालुक्यातल्या एका पाणीवापर संस्थेची ऑनलाइन बैठक

कोइमतूरच्या दुकानात बसून एक सभासद म्हणाले, "माझी हरकत नाही असं समजू नका. आधी दुरुस्तीचा अंदाज दाखवा, मग एकरी वर्गणीचं बोलू." खानापूर तालुक्यातल्या त्यांच्या गावी, देवळाच्या सभामंडपात, यातलं "माझी हरकत नाही" एवढंच पोचलं. सचिवांनी प्रोसिडिंगात लिहिलं, 'ठराव सर्वानुमते मंजूर'. संध्याकाळी त्या पानाचा फोटो ग्रुपवर पडला आणि बाहेरगावच्या सभासदांत भडका उडाला.

चार दिवसांनी चेअरमननी मला बोलावलं. गावात सगळे त्यांना आबा म्हणतात. मी विट्यात कॉम्प्युटरचे वर्ग घेते आणि माझे वडील याच संस्थेचे सभासद आहेत. आबांनी चहाही सांगितला नाही, सरळ म्हणाले, "पोरी, ह्यात खोटं कोण बोलतंय तेवढं बघून सांग." कुणीच खोटं बोलत नव्हतं, हे समजायला मला तीन आठवडे लागले. त्या तीन आठवड्यांत जे सापडलं ते इथे लिहिते आहे. गावाचं आणि संस्थेचं नाव मी घेणार नाही. कोइमतूर हे शहराचं नावही बदललेलं आहे. ज्यांच्याबद्दल लिहिलंय त्यांना हा मजकूर आधी वाचून दाखवला आणि त्यांनी नको म्हटलं ते काढून टाकलं.

या भागाबाहेरच्या वाचकांसाठी थोडी पार्श्वभूमी सांगते. विटा आणि खानापूर-आटपाडीकडची माणसं पिढ्यान्‌पिढ्या गलाईच्या धंद्यात आहेत. सोनं-चांदी आटवायची, शुद्ध करायची, टंच, म्हणजे शुद्धतेचं प्रमाण, काढायचा. दुष्काळानं घराबाहेर काढलेली ही माणसं देशभर पांगली. केरळ, तमिळनाडू, बंगाल, उत्तर प्रदेश, जिथे सराफ कट्टा आहे तिथे आमच्याकडचं एखादं दुकान सापडतं. जमीन मात्र गावाकडेच असते, ती भाऊ किंवा आई-वडील कसतात. सातबाऱ्यावर नाव असलेला माणूस हजार किलोमीटरवर आणि पाणी वावरात, अशी इथली रीत आहे.

पाणीही उशिरा आलं. कराडजवळ टेंभू इथे कृष्णेतून उचललेलं पाणी टप्प्याटप्प्यानं चढवत आमच्या माळावर आणलं जातं. ते वाटून घ्यायला २००५ च्या 'महाराष्ट्र सिंचन पद्धतीचे शेतकऱ्यांकडून व्यवस्थापन' कायद्याखाली पाणीवापर संस्था निघतात. संस्थेला पाणी मोजून मिळतं, त्यापुढे पाण्याची पाळी, पाणीपट्टी आणि चारीची, म्हणजे शेतापर्यंतच्या पाटाची, डागडुजी सभासदांनी बघायची. या बैठकीतला मुख्य विषय होता बंदिस्त पाइपची दुरुस्ती आणि त्यासाठी एकरी वर्गणी. पैशाचा विषय, आणि ज्यांच्या खिशातून तो पैसा जाणार त्यातले बरेचसे बाहेरगावी. म्हणून त्यांना ऑनलाइन घ्यायचं ठरलं. हा निर्णय चांगला होता आणि आजही मी त्याच्याच बाजूनं आहे.

आधी व्हॉट्सॲपवर गट-कॉल करायचा विचार होता, पण तिथे ३२ जणांपलीकडे माणूस बसत नाही. मग दुसरं ॲप निवडलं. सगळं काम सचिवांच्या मुलाकडे आलं. पोरगा डिप्लोमाला आहे, हुशार आहे. लॅपटॉप सांभाळायचा, बाहेरच्यांना एकेक करून आत घ्यायचं, कागद पडद्यावर दाखवायचे आणि आवाज बघायचा, ही चारही कामं त्या एकट्याकडे. बाहेरून दिलेलं मत मोजायचं की नुसतं ऐकून घ्यायचं, हे कुणी ठरवलंच नव्हतं. माझ्या मते पहिली चूक ती, आणि ती वायर जोडायच्या आधीच झाली होती.

बैठक सुरू होताच आवाज घुमू लागला. मी नंतर त्याच सभामंडपात तोच लॅपटॉप ठेवून पाहिलं. लॅपटॉप स्वतःच्या स्पीकरमधून काय सोडतो ते त्याला माहीत असतं, म्हणून तो माइकमध्ये परत आलेला तेवढा आवाज वजा करू शकतो. पण इथे आवाज वायरनं अँप्लिफायरला दिला होता, तिथून तो वाढून कर्ण्यांतून बाहेर पडत होता आणि सिमेंटच्या भिंतींवर आपटून परत येत होता. त्या परत आलेल्या आवाजाशी लॅपटॉपचा हिशेब जुळेना. भरीला सभामंडपात बसलेल्या तिघांनी 'आपण पण जॉइन होऊन बघू' म्हणून आपापल्या मोबाइलवर लिंक उघडली होती आणि त्यांचे माइक चालू होते. एका खोलीत चार माइक आणि एक कर्णा, मग दुसरं काय होणार? घुमणं थांबावं म्हणून पोरानं आवाजातला गोंगाट गाळणारी सोय वर चढवली. ती सोय जवळचा आवाज ठेवते आणि लांबचा काढून टाकते. लॅपटॉप होता पुढच्या टेबलावर. मागच्या रांगेतून बोलणारे म्हातारे शेतकरी त्या सोयीच्या लेखी गोंगाट ठरले. बाहेरच्यांना पहिला अर्धा तास चेअरमन आणि सचिवांपलीकडे कुणाचंच ऐकू आलं नाही.

मग लाइट गेली. राउटर बंद पडला आणि जुन्या बॅटरीवर लॅपटॉप जेमतेम टिकला. लाइट गेली की आमच्याकडे सगळं गाव एकदम मोबाइल डेटावर येतं, त्यामुळे टॉवरवरही गर्दी होते. नुसत्या आवाजाला सेकंदाला साधारण १०० किलोबिट पुरतात, चित्राला मेगाबिट लागतात. त्या क्षणी सगळ्यांचे कॅमेरे बंद करायला सांगितले असते तर बैठक तग धरून राहिली असती. ते कुणाला सुचलं नाही, आणि त्याबद्दल त्या पोराला दोष देणं मला बरोबर वाटत नाही. त्यानं वडिलांचा मोबाइल घेतला, वडिलांच्या खात्यावरून नवी बैठक उघडली, फोन वायरनं अँप्लिफायरला जोडला आणि नवी लिंक ग्रुपवर टाकली.

इथून पुढचं लक्ष देऊन वाचा. या प्रकरणाचा खरा गुंता इथे आहे. कुणी बाहेर अडकू नये म्हणून त्यानं नव्या बैठकीला पासवर्ड ठेवला नाही. एकेकाला आत घ्यायला हात मोकळा नव्हता, म्हणून वेटिंग रूम बंद केली. लॅपटॉप गेला होता, म्हणून थकबाकीची यादी सचिवांच्या स्वतःच्या फोनवरून पडद्यावर दाखवली. ज्यांना ऐकू येत नव्हतं त्यांच्यासाठी फोनची स्क्रीन रेकॉर्ड करायला लावली. प्रत्येक पाऊल बाहेरच्यांना बैठक नीट मिळावी म्हणूनच टाकलेलं होतं. आणि प्रत्येक पावलागणिक कुणाच्या तरी घराचं एक दार उघडं पडलं. बिघाड आणि खासगीपणा असे दोन वेगळे विषय समजून मी तपास सुरू केला होता. आठवडाभरात कळलं की बिघाडावरच्या घाईच्या उपायांनीच खासगीपणा गेला.

फुकटच्या खात्यावर गटाच्या बैठकीला वेळेची मर्यादा असते. झूमवर ती ४० मिनिटांची आहे, गूगल मीटवर तिघांहून कमी नसतील तर ६० मिनिटांची. पडद्यावर वेळ संपत आल्याची सूचना दिसायला लागली आणि तासभर रेंगाळलेली बैठक वर्गणीच्या ठरावावर येऊन पळू लागली. आबा म्हणाले, "बाहेरच्यांनी पटापट सांगा." कोइमतूरचे सभासद बोलू लागले. नेमकं त्याच क्षणी सचिवांच्या फोनवर कुणाचा तरी फोन आला.

हे मला सचिवांच्या फोनमधल्या कॉलच्या नोंदीवरून सापडलं. कट केलेल्या कॉलची वेळ आणि रेकॉर्डिंगमधल्या शांततेची वेळ मिनिटाला मिनिट जुळली. साधा फोन वाजला की तो आवाजाचा ताबा घेतो आणि बैठकीचं ॲप तेवढ्यापुरतं मुकं होतं. सचिवांनी फोन कट केला. त्याला काही सेकंद लागले, आणि "असं समजू नका" तेवढ्यात वाहून गेलं. स्क्रीन रेकॉर्डिंग त्याच फोनवर चालू होतं, त्यामुळे त्यातही तेच वाक्य, तसंच तुटलेलं. आबा मला ते तीनदा ऐकवत होते: "ऐक की, माझी हरकत नाही म्हणतोय का नाही?" म्हणत होते खरे. रेकॉर्डिंगमध्ये माणूस काय बोलला ते नसतं, त्या यंत्रापर्यंत काय पोचलं ते असतं. गावच्या पुराव्याच्या कल्पनेत हा फरक बसवायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला.

बाहेरच्या बाकीच्या सभासदांना ते वाक्य पुरं ऐकू गेलं होतं. त्यांच्या लेखी विरोध नोंदवला गेला होता. तिघा-चौघांनी चॅटमध्ये लिहिलंही होतं, 'त्यांचा विरोध आहे, नोंद घ्या.' फोनच्या पडद्यावर तेव्हा यादी होती. चॅट कुणी उघडलंच नाही. एकाच वेळी दोन बैठका चालू होत्या, एकीत ठराव अडला होता आणि दुसरीत तो मंजूर झाला होता.

पुरं वाक्य सापडलं ते अशा जागी, की मला ते वापरावं की नाही हा प्रश्न पडला. एका सभासदाचा पुतण्या पुण्यात आयटीत आहे. चुलत्याला जमत नाही म्हणून तो त्याच्या वतीनं जोडला गेला होता, आणि त्याच्या खात्यावरून टिपणं काढणारं एक एआयचं यंत्र आपोआप बैठकीत आलं. सहभागींच्या यादीत ते नावानिशी दिसत होतं, पण ते माणूस नाही हे कुणाच्या ध्यानात आलं नाही. त्या यंत्रानं बैठकीचा सारांश करून कित्येकांना ईमेलनं पाठवला. सारांशात लिहिलं होतं की या सभासदांची हरकत नाही, त्यांना फक्त अंदाजपत्रक हवंय. म्हणजे आबांच्या बाजूनं दुसरा साक्षीदार उभा राहिला. पण सारांशाच्या मागे शब्दशः उतारा होता. मोडक्या मराठीत, निम्मा हिंदीत घुसलेला, तरी त्यात "हरकत नाही असं समजू नका" हे सगळे शब्द होते. यंत्राला वाक्य ऐकू आलं होतं, कळलं मात्र उलट.

मी कोइमतूरच्या काकांना फोन केला. ज्या यंत्रानं न विचारता त्यांचं बोलणं टिपलं, त्याचाच उतारा त्यांना खरं ठरवत होता. काका बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "वापर. आबांना दाखव. आणि मग पुसून टाकायला सांग." पुतण्यानं आपल्या खात्यातून तो पुसला. ज्यांच्या ईमेलमध्ये सारांश गेला त्यांच्याकडचा कसा पुसायचा, याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं.

काकांच्या नाराजीचं मूळ ठरावात नव्हतंच, हेही त्या फोनवर कळलं. नव्या बैठकीच्या सुरुवातीला ते कॅमेरा चालू ठेवून बोलले होते. मागे काउंटर, काटा आणि तिजोरीचा कोपरा दिसत होता. बोलता बोलता त्यांनी यात्रेला कधीपासून कधीपर्यंत दुकान बंद ठेवून गावी येणार तेही सांगितलं. गावच्या माणसांशी बोलताना कोण जपून बोलतं? ते रेकॉर्डिंग संध्याकाळी ग्रुपवर गेलं आणि तिथून कुठे कुठे गेलं ते कुणालाच माहीत नाही. बैठकीतल्या नावांत 'रेडमी' आणि 'गेस्ट' अशीही नावं होती आणि ती कुणाची ते शेवटपर्यंत कळलं नाही. परक्या शहरात सोन्याच्या धंद्यात बसलेल्या माणसासाठी ही किरकोळ गोष्ट नाही. त्या वर्षी काका यात्रेला आले नाहीत.

दुसरी गोष्ट लिहिताना मला अजून जड जातं. थकबाकीच्या यादीत एका काकूंचं नाव होतं. नवरा गेल्यावर शेती त्याच बघतात. त्यांनी पैसे भरले होते, पावती घरात होती, पण वहीत नोंद व्हायची राहिली होती. यादीचा स्क्रीनशॉट फिरला. घरात त्या वेळी मुलीच्या सोयरिकीची बोलणी चालू होती. नोंद दुसऱ्याच दिवशी दुरुस्त झाली. स्क्रीनशॉट कसा दुरुस्त होणार?

यावर संचालकांतले एक जण मला म्हणाले, "अगं, थकबाकी तर आम्ही चावडीच्या फळ्यावर लिहायचो. त्यात काय लपवायचंय?" हा प्रश्न टाळण्यासारखा नाही, कारण संस्थेचा हिशेब सभासदांना दिसलाच पाहिजे. पण फळा तिथून जाणाऱ्यालाच दिसायचा. चूक असली तर काकू तिथेच उभ्या राहून पावती दाखवू शकल्या असत्या, आणि महिन्यानं फळा पुसला जायचा. पडद्यावरच्या यादीला तारीख नसते, वेस नसते आणि समोर उभा राहून बोलणारा माणूसही नसतो. आणखी एक गोष्ट कुणी बोलून दाखवली नाही. सचिवांच्या फोनवर यादी दाखवताना त्यांच्या घरच्या आजारपणाचा एक मेसेज वरून सरकत गेला. तो सगळ्यांनी वाचला. सचिवांनी तक्रार केली नाही, पण त्यानंतर ते काही दिवस कचेरीत फिरकले नाहीत.

२४ ऑगस्ट २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठानं खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले, आणि माहिती घेताना कशासाठी घेतोय ते स्पष्ट सांगून संमती घेण्यासारख्या मुख्य जबाबदाऱ्यांना त्यानंतर १८ महिन्यांची मुदत आहे. हे सगळं मी आबांना सांगितलं. त्यांच्या मनाला मात्र दुसरीच गोष्ट लागली. एप्रिल २०२० मध्ये केंद्रीय गृह मंत्रालयाच्या सायबर समन्वय केंद्रानं झूमबद्दल सूचना काढल्या होत्या. दर बैठकीला नवा पासवर्ड ठेवा, वेटिंग रूम चालू ठेवा, पडदा फक्त होस्टनं दाखवावा, सगळे आले की बैठकीला कुलूप लावा, रेकॉर्डिंगला आळा घाला. आबा म्हणाले, "म्हंजी हे सहा वर्सांमागं सांगितलं हुतं, आन्‌ आपण एकूण एक उलटं केलं." त्याच वर्षीच्या वसंतात कंपनी व्यवहार मंत्रालयानं कंपन्यांना व्हिडिओवर सभा घ्यायची मुभा दिली, तेव्हा बोलणं दोन्ही बाजूंनी होईल अशी सोय हवी आणि ठरल्या वेळेच्या किमान १५ मिनिटं आधी दार उघडं हवं, अशा अटी घातल्या होत्या. ती परिपत्रकं कंपन्यांसाठीची, आम्हाला लागू नाहीत. तरी त्यातली 'दोन्ही बाजूंनी' ही अट मला फार मोलाची वाटते.

एक जण म्हणाला की आता ॲप 'एंड टू एंड' सुरक्षित असतात, म्हणजे बोलणारा आणि ऐकणारा सोडून वाटेत कुणालाच, खुद्द कंपनीलाही, काही ऐकता येत नाही, मग भीती कसली. झूमनं तसा दावा केला होता आणि तो खरा नसल्याबद्दल अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशननं २०२० मध्ये त्या कंपनीवर कारवाई केली. खरी एंड टू एंड सोय तिथे त्याच वर्षी ऑक्टोबरपासून मिळू लागली. पण आमच्या प्रकरणात वाटेत कुणी कान लावून बसलं नव्हतं. जे गेलं ते आमच्याच ग्रुपवरून, आमच्याच बोटांनी गेलं. त्यावर कुठलंही कूटलेखन चालत नाही.

ठराव रद्द करून दुसरी बैठक घ्यायचं ठरलं. या वेळी गावातल्या दोन मुली बसल्या. एक फक्त आवाज आणि चॅट बघत होती, आणि बाहेरच्यांना ऐकू येत नसेल तर हात वर करून बैठक थांबवायचा अधिकार तिला दिला होता. संचालकांत यावरून कुरकुर झाली. पहिल्या तासात तिनं चार वेळा बैठक थांबवली. दुसरी मुलगी आणि एक म्हातारे पोस्टमन आबा दारावर होते. मुलगी नाव वाचायची, पोस्टमन आबा दोन शब्द बोलून आवाज ओळखायचे आणि मग आत घ्यायचे. या माणसाला गावातलं प्रत्येक घर पत्त्यासकट पाठ आहे. टिपणं काढणारी यंत्रं दारातच अडवली. राउटरला वेगळी बॅटरी आणि लॅपटॉपला इन्व्हर्टर होता. वायरनं जोडलेल्या जादा फोनमध्ये सिमकार्डच ठेवलं नाही. सभामंडपात एकच माइक हातोहात फिरला आणि बाकी कुणाचा मोबाइल बैठकीत नव्हता. रेकॉर्डिंग केलं नाही. थकबाकी पडद्यावर आणली नाही, ज्याची त्याला घरी जाऊन किंवा फोनवर सांगितली. बाहेरून आलेली मतं नोंदवायची, पण मतदान यात्रेत सगळे गावी आल्यावर घ्यायचं, हे सुरुवातीलाच जाहीर केलं.

खर्च काही हजारांचा झाला. तो संस्थेला परवडला. माणसं बसवणं हेच अवघड होतं. मोकळ्या वेळात माणसं या कामासाठी उभी करायला चेअरमन आबांना दोन आठवडे लोकांच्या दारी जावं लागलं.

आवाज तरीही दोनदा तुटला. काका बोलत होते तेव्हाच दुसऱ्यांदा तुटला. मुलीनं हात वर केला आणि सचिवांनी लेखणी थांबवली. काकांनी वाक्य परत सांगितलं, सचिवांनी लिहिलेलं मोठ्यानं वाचून दाखवलं आणि काकांनी त्यात एक शब्द बदलून घेतला.

काकू मात्र दोन्ही बैठकांनंतर एकदाही आलेल्या नाहीत. शेजारणीच्या हाती कागदावर आपलं म्हणणं लिहून पाठवतात. पुढच्या बैठकीच्या आधी मी त्यांच्या घरी जाणार आहे. काय बोलायचं ते अजून ठरलेलं नाही.